खिडकीखालची शिरीषाची चकती

मित्रांनो, मी एका जुन्या शिरीषाच्या खोडाची चकती आहे. मुलुंडच्या एका सोसायटीच्या फाटकाशी माझं झाड उभं होतं. तुम्ही त्याला रेन ट्री म्हणता. मी मधोमध काळपट, कडेला फिकट, आणि अंगभर वर्षावर्षाची वर्तुळं. दिसायला मी धीट वाटते. खरं सांगू? मी फार भित्री आहे.

भीती पहिल्यांदा कळली ती करवतीमुळे. मे महिन्यातल्या एका वादळात आमचं मूळ सुटलं आणि झाड कुंपणाच्या भिंतीवर कलंडलं. सकाळी माणसं यंत्राची करवत घेऊन आली. तिची घरघर आधी फांद्यांत शिरली, मग खोडात. तोवर मी ‘मी’ नव्हतेच, झाड होते. दोन काप पडले आणि मी एकटी झाले. बाकीचं सगळं ट्रकात चढत होतं आणि मी उताणी पडून माझी पाळी कधी येते ते बघत होते.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरची क्षमा आली. तिला तेव्हा सातवा महिना होता, वाकता येत नव्हतं. तिने नवऱ्याला हाक मारली.

“निहार, ही उचल ना. झकास स्टूल होईल.”

“वेडी आहेस का? आपल्याकडे पाळणा ठेवायला जागा नाही आणि ओंडका कसला नेतेस?”

“रोज या झाडाच्या सावलीत रिक्षाची वाट बघितलीय मी. तू उचलतोस की मी उचलू?”

त्याने बाह्या सरसावल्या आणि मला उचललं.

निहार कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस. सुतारकाम त्याने मोबाइलवर बघून शिकायला घेतलं. पावसाआधी वाळावी म्हणून त्याने मला गच्चीत, रणरणत्या उन्हात ठेवलं. दुपारी माझ्या आत ‘तड्’ असा आवाज झाला आणि कडेपासून थेट गाभ्यापर्यंत भेग गेली. आता आपले दोन तुकडे होणार, असंच मला वाटलं.

“पापड आहे का तो, उन्हात घालायला?” क्षमा त्याच्यावर करवादली.

मग मला सावलीत आणलं, कडांना मेण फासलं आणि खाली दोन पट्ट्या सरकवून पलंगाखाली ठेवलं. ओलं लाकूड असंच सावकाश वाळू द्यायचं असतं. तिथे मी वर्षभराहून जास्त राहिले. पलंगावर नवं बाळ रडायचं, खाली मी अंधाराला घाबरायचे. ते बाळ म्हणजे शर्मिष्ठा. घरात तिला सगळे मिठू म्हणतात. एक दिवस ती रांगत रांगत आत आली आणि तिने माझ्या सालीवर थापटी मारली. तिला माझी भीती वाटली नाही. मलाच वाटली. त्या लोण्यासारख्या तळव्यात माझं कुसळ घुसलं असतं तर?

म्हणून निहारने पॉलिशपेपर घासायला घेतला तेव्हा मी पहिल्यांदा स्वतःहून अंग दिलं. त्याने साल काढली, भेगेत भुसा आणि गोंद भरला, पॉलिशचे हात दिले. मग ड्रिल माझ्या पोटात घुसलं. मी डोळे मिटून घेतले असते, पण मला डोळे नाहीत. बघते तर काय, मी तीन लोखंडी पायांवर उभी! पाहुणे विचारायचे, “कुठून मागवलंत हो?” आणि निहार कॉलर ताठ करायचा.

“हिला खिडकीखाली ठेवू या,” क्षमा म्हणाली. “झाड होतं रे ते. आभाळ तरी दिसू दे.”

“चहा पण पाज तिला,” निहार म्हणाला.

मी सुखावले. खिडकीला तेव्हा लोखंडी ग्रिल होतं.

पुढच्या हिवाळ्यात इमारतीला रंग काढला. रंगासाठी ग्रिलं उतरवली. सगळ्यांनी पडदे काढले, कुंड्या उचलल्या. मला मात्र कोणी उचललं नाही. मी रोजचीच होते ना.

त्या सकाळी क्षमा स्वयंपाकघरात होती. निहार आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसशी बोलत होता. मिठू दुसऱ्याजवळ आहे, असं दोघांनाही वाटत होतं. आणि मिठू माझ्याजवळ होती. तिने आधी पोट टेकवलं, मग गुडघा, मग माझ्यावर उभी राहिली. तिची इवलीशी पावलं माझ्या गाभ्यावर होती. समोर नुसतं आभाळ. मित्रांनो, इतकी वर्तुळं आहेत मला, पण तिला धरायला एक हात नाही. करवत, ऊन, ड्रिल, सगळ्यांची भीती एकत्र केली तरी ती या भीतीपुढे काहीच नव्हती.

“आई, काऊ!” मिठू आनंदाने ओरडली.

क्षमा दारात आली आणि पांढरीफटक पडली. पण ती किंचाळली नाही. दचकून पोर पुढे गेलं तर? ती मधाळ आवाजात म्हणाली, “हो का गं? कुठे आहे काऊ? मलाही दाखव बरं.” असं बोलत बोलत, पाऊल न वाजवता ती आली आणि तिने मिठूला कमरेत घट्ट धरलं. मग तिला छातीशी घेऊन तिथेच फरशीवर बसली.

निहार धावत आला. “अगं, मला वाटलं तुझ्याकडे आहे.”

“मला वाटलं तुझ्याकडे!”

मग त्याची नजर माझ्यावर पडली. “आधी हे बाहेर टाकतो.”

“ते काय चालत गेलं होतं तिथे?” क्षमा रडत म्हणाली. “मी ठेवलंय रे. मीच.”

टाकून देतील म्हणून मी जन्मभर घाबरत आले होते. त्या क्षणी मात्र मला वाटलं, टाका हो, ट्रकात घाला, पण आधी मला इथून हलवा.

निहारने मला टाकलं नाही. त्याने मला उलटं केलं, माझे तिन्ही पाय काढले आणि मला खिडकीपासून दूर ठेवलं. आता मी जमिनीवर सपाट बसते, पाटासारखी. मिठू माझ्यावर बसून वरणभात खाते, अर्धा मलाही भरवते.

मित्रांनो, ‘आम्हा जुन्या लाकडांना जपा’ असं मी सांगावं, अशी तुमची अपेक्षा असेल. मला ते सांगायचं नाही. तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, कोणी छोटं पिल्लू असेल ना? मग त्याच्या घरात खिडकीखाली काय आहे ते बघा. स्टूल, खुर्ची, खोका, काहीही असो. तुम्हाला उचलत नसेल तर मोठ्यांना हाक मारा. आम्हाला हलता येत नाही, ओरडता येत नाही.

जा, आत्ताच बघून या. गोष्ट काय, ती इथेच बसून राहील.