सालापुढची रिकामी ओळ

आमच्या शाळेत परंपरा इतक्या आहेत की शिकवायला वेळ उरतो याचंच नवल वाटतं. जिन्याच्या मधल्या पट्टीवर पाय द्यायचा नाही, कारण संस्थापक तिथून चालत. त्यांच्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही, पण ती रोज पुसायची. सकाळच्या घंटेचे टोल नऊच, दहावा पडला तर शिपायाने लेखी खुलासा द्यायचा. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, पूर्वीपासून आहे. या कार्यालयात सव्वीस वर्षं काढल्यावर आता हे उत्तर ऐकलं की माझं डोकं उठतं. मी इथली हेडक्लार्क आहे, त्यामुळे ते रोजच ऐकावं लागतं.

सगळ्यांत मोठी परंपरा सभागृहातल्या फलकाची. शालान्त परीक्षेत शाळेत पहिलं येणाऱ्याचं नाव तिथे सोनेरी अक्षरांत लागतं. पण नुसतं पहिलं येऊन भागत नाही. वार्षिक समारंभात मंचावर जाऊन, संस्थापकांच्या दौतीत टाक बुडवून मानाच्या वहीत सही करायची, मग त्या वहीत बघून पेंटर नाव रंगवणार. सही नाही तर नाव नाही.

माझी ताई अडतीस वर्षांपूर्वी पहिली आली. समारंभाच्या दिवशी बाबांचं ऑपरेशन होतं आणि ताई इस्पितळाच्या बाकावर आईचा हात धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली तोवर वही कुलपात गेलेली. वही वर्षातून एकदाच उघडते, असं तिला सांगण्यात आलं. पेंटरने साल आधीच रंगवून ठेवलं होतं, म्हणून सालापुढे ओळ तेवढी रिकामी राहिली. बाबा त्यानंतर अंथरुणातून उठले नाहीत. ताईने कॉलेजचा विचार सोडला, शिवणयंत्र धरलं आणि मला शिकवलं. आज मी ज्या खुर्चीत बसते ती तिच्या जिवावर.

म्हणून मी अर्ज करत राहिले. एकूण अकरा. या काळात चार मुख्याध्यापक झाले, पण उत्तर बदललं नाही. एकाने तर मला समजावलं की असं सुरू केलं तर उद्या प्रत्येक जण घरातलं कुणाचं तरी ऑपरेशन काढेल. अकराही अर्जांना केराची टोपली मिळाली. ताई स्वतः कधी रडगाणं गायली नाही. दर समारंभाला ती माझ्याबरोबर यायची आणि फलकाखाली उभी राहून माझ्या मुलीला ती ओळ दाखवायची. बाकीच्यांची नावं वाचावी लागतात, माझी ओळ लांबूनच कळते, असं हसत सांगायची. मला मात्र हसू यायचं नाही.

यंदा शाळेला शंभर वर्षं झाली. जुन्या फलकाला वाळवी लागली होती, तेव्हा शताब्दी समितीने नवा करायचं ठरवलं. मी म्हटलं, न्यायबियाची भाषा या लोकांना कळत नाही, आता यांच्या दिखाऊपणालाच हात घालावा. बाराव्या अर्जात लिहिलं की समारंभाला मोठमोठे पाहुणे येणार, फलकातली रिकामी ओळ डोळ्यांना खुपते, तरी नव्या फलकाच्या वेळी याबाबत योग्य ती दुरुस्ती व्हावी. ताईचं नाव मुद्दामच घातलं नाही. ते दिसलं की यांची वहीची टकळी सुरू होते. आणि ओळ कोणाची ते साऱ्या शाळेला ठाऊक होतं, निदान मला तसं वाटत होतं.

पडद्याच्या रंगावर तीन बैठका घालवणाऱ्या समितीने माझा अर्ज पाच मिनिटांत एकमताने मंजूर केला. मी स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश झाले की तिथूनच ताईला फोन लावला.  मग नाव माहेरचंच घालतील ना, एवढं तिने विचारलं. जन्मभर लोकांचे कपडे शिवणाऱ्या माझ्या बहिणीने कितीतरी वर्षांनी, समारंभाला घालायला, स्वतःसाठी काही शिवलं.

फलक बाहेरून तयार होऊन आला तो कापडात गुंडाळूनच. उद्घाटनाआधी कोणी पाहायचा नाही, ही म्हणे परंपरा. ती त्याच आठवड्यात सुरू झाली होती.

समारंभात आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. कापड निघालं तशी ताईने चष्मा लावला. एकेक साल वाचत ती खाली उतरली, थांबली आणि पुन्हा वरून सुरुवात केली. मला पहिल्याच नजरेत दिसलं होतं. तिच्या आधीचं साल आणि तिच्या नंतरचं साल एकाखाली एक, छान खेटून बसवलं होतं. पेंटरला वहीतली यादी दिली आणि त्याने ती जशीच्या तशी उतरवली. शंभर वर्षांच्या शाळेच्या फलकावर नव्व्याण्णव सालं होती आणि सभागृह टाळ्या वाजवत होतं.

संताप असा आला की काही न ठरवता मी उठायला लागले. तेवढ्यात मंचावरून समितीचे अध्यक्ष म्हणाले, “जुन्या फलकात एक ओळ मोकळी होती, फार विचित्र दिसायची. ती काढून टाकण्याची सूचना आमच्या हेडक्लार्क बाईंची. त्यांचे आभार मानतो.” मी अर्धवट उभी होते. लोकांना वाटलं, आभार घ्यायलाच उठले. सगळे टाळ्या वाजवत माझ्याकडे वळले.

मी मटकन खाली बसले.

“तू सांगितलंस त्यांना?” ताईने विचारलं.

“ताई, मी तसं नव्हतं गं लिहिलं. तुझं नाव यावं म्हणून लिहिलं होतं.”

“माझं नाव घातलं होतंस अर्जात?”

“नाही.”

तिने फलकाकडे पाहिलं. “इतकी वर्षं माझी जागा तरी होती,” ती म्हणाली.

तिने चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. लोक अजून आमच्याकडे बघत होते. चारचौघांत मला कमीपणा येऊ नये म्हणून मग तिनेही माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.