बत्तीस अंशांवरचं शिखर

“हे बत्तीसवरचं शिखर पुसून टाक,” भगवानराव सरांनी संगणकाच्या पडद्यावरच्या आलेखावर बोट टेकवलं. विड्याचा ओला लाल ठसा तिथं उमटला. रुद्राणीनं नजर फिरवली.

ती गंगाखेडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची. बेलाच्या पानांच्या काढ्यापासून चांदीचे नॅनोकण बनवण्यात तिची आठ वर्षं गेली होती. प्रबंध सादर करायचा आज शेवटचा दिवस. फॉर्मवर मार्गदर्शक म्हणून सरांची सही झाली नाही, तर पीएच.डी.ची नोंदणीच रद्द. क्ष-किरणांच्या आलेखात चांदीची शिखरं जागच्या जागी होती. अडतीस, चव्वेचाळीस, चौसष्ट, सत्याहत्तर. पण बत्तीस अंशांवर एक आगंतुक उभं होतं, चांगलं उंच.

“सर, ते सिल्व्हर क्लोराइड हाय. चूक माझीच. प्रयोग सोमवारी होता, आन् सोमवारी बेल तोडत न्हाईत आमच्यात. म्हणून रविवारीच तोडून बोअरच्या पाण्यात ठेवला. पाणी खारं, आन् काढाबी त्यातच उकळला. त्यातलं क्लोराइड चांदीला लागलं.”

“मग परीक्षकाला सोमवार सांगत बसतीस का? लय भोळी हायेस बघ,” सर खुदकन हसले. “बरं, राहू दे. हा राजेश्वरचा आलेख घे, माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा. तिघांनी वापरलाय. तिघंबी डॉक्टर झाले.”

तिनं टेबलावरचे ते तिन्ही प्रबंध उघडून पाहिले. आलेखाच्या तळरेषेची बारीक थरथर दोन नमुन्यांत कधी सारखी येत नाही, पण इथं तिन्हींत हुबेहूब तीच. उष्ट्या ताटात चौथ्याला वाढावं तसं. सरांच्या कपाळावर सकाळच्या पूजेची विभूती अजून ताजी होती. त्या विभूतीचीच तिला शिसारी आली. आणि त्याहून स्वतःची. कारण तो आलेख घ्यायला माउसवरचा तिचा हात क्षणभर खरंच पुढे सरकला होता.

“नवा नमुना करते, सर. मशीनला नंबर लागायला दोन महिने जातील.”

“आज शेवटची तारीख हाय, बाई! काय करायलीस तू?”

“मग हाच आलेख जोडते. बत्तीससकट. त्याचं कारण खाली लिहिलंय.”

सरांनी पेनाला टोपण लावलं. “मग माझी सही न्हाई.”

“बरं, सर.”

तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. फाइल पिशवीत घालायला ती वाकली. आठ वर्षं ती निघताना पाया पडायची, म्हणून सरांनी सवयीनं टेबलाखालून पाय पुढे केले.

रुद्राणीनं पिशवी उचलली आणि बाहेर जाऊन दार हलकेच ओढून घेतलं. पाय तसेच पुढे राहिले.