शिट्टीनंतरची शांतता

"मूल दुसऱ्याकडे देताना हात हातात द्यायचा गं. नुसतं तोंडाने सांगून भागत नाही," प्रवासाला निघण्याआधी मोठ्या जाऊबाईंनी बजावलं होतं. बॅगेची चेन ओढता ओढता खारूची आई हसली होती. "ताई, आपली खारू म्हणजे काय रिले शर्यतीतली काठी आहे?"

परदेशातल्या त्या ओसाड प्राचीन शहरात शिरल्यावर मात्र तिने तीन वर्षांच्या लेकीचा हात घट्ट धरला. छप्पर उडालेली घरं, अर्ध्या उरलेल्या भिंती आणि मधेमधे उघडे, खोल हौद. हौदांभोवती नुसता एक दोर, तोही मोठ्या माणसाच्या कमरेला लागेल असा. खारू मान न वाकवता त्याच्याखालून गेली असती. नवऱ्याच्या कानात माहिती सांगणारं यंत्र होतं आणि स्वारी केव्हाच दोन हजार वर्षं मागे पोचली होती.

तिच्या बुटात खडा गेला. "हिच्याकडे बघ रे, मी बूट झटकते."

त्याने मान डोलावली. तिने हात सोडला.

नाडी बांधून ती वळली, तर तो एकटाच भिंतीसमोर उभा.

"खारू कुठाय?"

त्याने कानातलं उपसलं. "म्हणजे? तुझ्याकडे होती ना?"

"अरे, तू मान हलवलीस!"

"ती... यातल्या बाईला हलवली असेल गं."

भांडायलाही वेळ नव्हता. तो एका गल्लीत पळाला, ती दुसऱ्या. सगळ्या खोल्या सारख्याच, सगळे कोपरे रिकामे. पर्यटकांच्या गलक्यात तिची हाक तिलाच ऐकू येईना. पहिल्या हौदाशी ती पालथी पडून आत वाकली. हिरवट पाण्यावर काहीतरी लाल तरंगत होतं.

खारूची टोपी लाल होती.

वाऱ्याने ते उलटलं. खाऊचं रिकामं पाकीट. हायसं वाटून घ्यायचाही तिला धीर झाला नाही. पुढे अजून हौद होते.

पहारेकरी धावत आला. भाषेची बोंब. तिने मांडीपाशी हात धरून उंची दाखवली, डोक्यावर टोपी दाखवली. त्याने लांबलचक शिट्टी मारली. दुरून दुसरीने उत्तर दिलं, मग तिसरीने. पहारेकऱ्यांनी ओठांवर बोटं ठेवून माणसांना होती तिथे थांबवलं. सगळं शहर गप्प झालं. तिला स्वतःचा श्वासही नकोसा झाला.

आणि भिंतीपलीकडून बारीक आवाज आला, "गाई गाई..."

एका जुन्या भट्टीच्या तोंडात खारू गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. लाल टोपीत तिने एक दगड गुंडाळला होता आणि ती त्याला थोपटत होती.

"शू! बाळ झोपलंय," ती कुजबुजली. "आई, याचे आईबाबा ना, याला विसरूनच गेले."

आईने तिथेच बसकण मारली.

तेव्हापासून ती बाथरूममधूनही ओरडून विचारते, "खारू कुणाकडे आहे?" घरचे हसतात. हसू देत. तुम्हालाही ती तेच विचारते आहे: तुम्ही हे वाचत बसलात, मग घरातलं धाकटं कुणाकडे आहे? 'असेल आतल्या खोलीत' हे उत्तर तिला नको. पुस्तक पालथं ठेवा, उठा आणि आधी डोळ्यांनी बघून या.