धरलेली जागा

सुनेत्राचा उजवा गुडघा बदलला तेव्हा डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती. पडायचं नाही. पडलात तर सांध्याच्या वरचं हाड जाईल, आणि मग तुम्ही पुन्हा चालाल याची हमी मी देणार नाही. त्यामुळे मँचेस्टरला लेकीकडे आल्यापासून मी शहर फारसं पाहिलंच नाही. माझे डोळे तिच्या पावलांवर असत.

आमची स्नेहल इथल्या एका हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर आहे. त्या शनिवारी तिची ड्यूटी होती. निघता निघता तिने आम्हाला समजावलं की शहराच्या मध्यभागात फिरायला पैसे पडत नाहीत, पिकॅडिली स्टेशनपासून एक फुकट बस निघते आणि सगळ्या सेंटरमधून चक्कर मारते. तिकीट नाही, कार्ड टॅप करायचं नाही. चढायचं आणि हवं तिथे उतरायचं. मला डीन्सगेट रस्त्यावरचं जुनं ग्रंथालय पाहायचं होतं. जालन्याच्या कॉलेजात मी जन्मभर ग्रंथपाल होतो, दुसरं काही मला जमलं असतं असं वाटत नाही. सुनेत्रा मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली. तिला ग्रंथालयाचं कौतुक नव्हतं, फुकट बसचं होतं. सरकारने म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट दिलं तरी आपण केवढे खूश होतो, म्हणाली, इथे तर मागतच नाहीत.

फुटबॉलची मॅच होती हे आम्हाला ठाऊक नव्हतं. स्टॉपवर एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली बरीच माणसं होती आणि दुपारीच त्यांच्या तोंडाला बिअरचा वास येत होता. बस आली. सुनेत्राला पायरी चढायला वेळ लागतो हे पाहून ड्रायव्हरने बस तिच्या बाजूला खाली झुकवली. तेवढ्यात मी पुढे घुसलो. आमचा हा नियमच होता. जालना-परभणी एसटीत इतकी वर्षं मी आधी घुसायचो, खिडकीजवळ बसायचो, शेजारी रुमाल टाकायचो आणि ती मागून सावकाश यायची. रुमाल टाकला की जागा धरली. त्यावर कुणी बसत नसे, भांडखोर माणूससुद्धा.

मधल्या भागात दोघांची सीट रिकामी होती. मी आत सरकलो आणि शेजारी रुमाल पसरला.

दाराजवळ डोक्याला स्कार्फ बांधलेली एक मुलगी सुनेत्राला बघून उठली होती, हे मला दिसलं. सुनेत्राने हसून तिला परत बसायला लावलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. आमची जागा आहे, असं तिला सांगायचं होतं.

सुनेत्रा माझ्यापर्यंत येण्याआधी एक जाडजूड माणूस त्या रुमालावर बसला. चाळिशीचा असेल. त्याच्याबरोबरचा दुसरा, दाढीवाला, शेजारी उभा राहिला. मी अगदी हळू आवाजात म्हणालो की माफ करा, ही जागा माझ्या पत्नीसाठी धरली आहे, तिचं ऑपरेशन झालंय. त्याने विचारलं, धरली आहे म्हणजे काय? बस तुझ्या बापाची आहे का? मग अंगाखालून रुमाल ओढून काढला, त्यात नाक शिंकरलं आणि तो माझ्या शर्टाच्या खिशात कोंबला. कोंबताना खिसा फाटला.

अशा वेळी मला भांडता येत नाही. वाटलं, आपणच उठावं, तिला आपल्या जागी बसवावं. मी उठलो तर त्याने गुडघे पुढे ताणून वाट अडवली. मी अर्धवट वाकलेला, खिडकी आणि त्याच्या मांड्या यांच्यामध्ये अडकलो. बस सुरू झाली होती. सुनेत्रा आमच्या सीटजवळचा खांब धरून उभी होती.

"पाय काढ रे," ती त्याला मराठीत म्हणाली. चौथीच्या पोराला म्हणावं तसं. "माणूस बाहेर यायचा आहे."

त्याने तिच्या बोलण्याची नक्कल केली, नुसते आवाज. दाढीवाला हसला. दाराजवळची ती स्कार्फवाली मुलगी उठून म्हणाली, सोडा त्यांना, म्हातारी माणसं आहेत. दाढीवाल्याने तिच्या हातातल्या फोनवर चापट मारली आणि फोन सीटखाली घरंगळत गेला. बाकीचे खिडकीबाहेर बघू लागले.

बस वळली. सुनेत्राचा खांबावरचा हात सुटला आणि आधारासाठी तिने तो त्या माणसाच्या खांद्यावर ठेवला. एवढंच. त्याने तो झटकला, आणि झटकताना कोपर मागे आणून तिच्या छातीत मारलं. ती बाजूला गेली, सीटच्या कडेवर आपटली आणि खाली पडली. उजव्या अंगावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. इंजिनाच्या आवाजात कसा ऐकू येईल, असं स्नेहल म्हणते. मी ऐकला.

त्याचा हात माझ्या तोंडासमोर होता. मी चावलो. अंगठ्याच्या खालचा मांसल भाग दातांत आला आणि मी दात आवळले. तो ओरडला. दुसऱ्या मुठीने त्याने माझ्या कानावर मारलं, मग डोळ्यावर, चष्म्याची काच गालात शिरली. मी सोडलं नाही. तोंडात गरम, खारट लागलं. त्याने मला तसाच लोंबकळत सीटमधून बाहेर ओढलं. माझा पुढचा एक दात त्याच्या हातातच राहिला असावा, कारण सुटलो तेव्हा तो माझ्या तोंडात नव्हता.

मी सुनेत्राच्या शेजारी पडलो. बस थांबली होती, ड्रायव्हर काचेमागून फोनवर बोलत होता. पहिली लाथ बरगड्यांत बसली. दुसरी पोटात. दाढीवाला म्हणत होता, पुरे, चल, पुरे. जाडा थांबत नव्हता. त्याच्या हातातून रक्ताची धार लागली होती आणि ते माझ्या तोंडावर पडत होतं.

मग लाथा बंद झाल्या. सुनेत्राने जमिनीवरूनच त्याचा पाय दोन्ही हातांनी मिठी मारून धरला होता. तो पाय झटकत होता आणि झटक्यागणिक ती फरफटत होती, तिचा मोडका पाय मागून नुसता ओढला जात होता. ती ओरडत नव्हती. तिने त्याच्या पँटला गाल चिकटवून डोळे मिटले होते. त्याने वाकून तिचे केस धरले आणि डोकं खांबावर आपटलं. एकदा. पुन्हा आपटणार तेवढ्यात ती स्कार्फवाली मुलगी मागून त्याच्या पाठीवर चढली आणि तिने त्याच्या डोळ्यांत बोटं घातली. मग बाकीचे उठले. चारपाच जणांनी त्याला खाली दाबलं. एकजण त्याच्या मानेवर बसला. कुणीतरी त्याला मारत होतं, आणि तो थांबा म्हणत होता, आणि मला ते थांबू नये असं वाटत होतं.

ॲम्ब्युलन्सने आम्हाला स्नेहलच्याच हॉस्पिटलात नेलं. ती थिएटरच्या हिरव्या कपड्यांत धावत आली आणि आम्हाला बघून भिंतीला धरून उभी राहिली. नंतर तिने मला हळूच सांगितलं की हाड गुडघ्याच्या वर तुटलंय, तीन ठिकाणी, प्लेट घालतील. चालण्याचं आत्ता कुणी प्रॉमिस करणार नाही.

पोलीस आला, तरुण होता, नम्र होता. सुरुवात कशी झाली हे त्याने मला पुन्हा पुन्हा विचारलं. मी ग्रंथालयापासून सांगायला लागलो, मग रुमालावर आलो, आणि तिथे अडकलो. कापडाचा तुकडा ठेवला की जागा आपली होते, हे इंग्रजीत म्हटल्यावर मलाच खोटं वाटू लागलं. त्या मुलीची जागा सुनेत्राने घेतली असती तर? मी पुढे घुसलो नसतो तर? पोलिसाने लिहिणं थांबवलं आणि उद्या येतो म्हणाला.

सुनेत्राला औषधाने गुंगी आली होती. केसांत रक्त वाळलं होतं. मी जवळ गेलो तेव्हा तिने एक डोळा उघडला.

"चावलात ना पण," ती म्हणाली.

मी मान हलवली. ओठ सुजले होते, बोलताना दुखत होतं.

"मला वाटलं, सॉरी म्हणाल त्याला."

हसायचं होतं तिला, जमलं नाही. नर्स तिला थिएटरकडे न्यायला आली आणि ट्रॉलीच्या कडा वर करू लागली. सुनेत्राने माझी बाही धरली.

"अहो, चादर उचला जरा. पाय कसा आहे ते बघून सांगा. पोरगी खरं सांगत नाही."

मी चादर उचलली. मांडी दुप्पट झाली होती आणि काळी पडली होती. पाऊल बाहेरच्या बाजूला वळून गादीवर आडवं पडलं होतं, दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं. मी चादर होती तशी नीट पसरली.

"सरळ आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने बाही सोडली.