पट्टीखालची विभूती

संतपूरच्या निलम्माला फोनची भीती कधी वाटली नव्हती. आता मात्र लेकीचा, चैत्राचा मोबाइल नुसता थरथरला तरी ती दचकायची. त्या फोनवर गुंड्याचं काळीज दिसायचं ना!

गुंड्या तिचा कुत्रा. नवरा बसवंतप्पा गेल्यापासून दिवसभर तिच्यामागं फिरणारा जीव तेवढाच. चालता चालता तो दोनदा धाडकन पडला, तेव्हा बीदरच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीवरचे केस भादरून चिकटपट्ट्या लावल्या, वर ठोके मोजणाऱ्या डबीचा पट्टा बांधला. ठोके चैत्राच्या फोनवर आणि दवाखान्यातही दिसणार, थांबले की फोन कोकलणार. "आवाज आला की आधी त्याच्याजवळ पळा," डॉक्टरांनी बजावलं होतं.

दुसऱ्याच सकाळी फोन कोकलला. रेघ सपाट! मायलेकी ऊर फुटेस्तोवर पळाल्या, तर गुंड्या अंगणात मजेत भाकर खायलाय. चैत्रानं पट्टी उचलून बघितली. खाली विभूती.

"अव्वा, हे कामून लावलीस?"

"घरात सगळ्यांना लावते. त्याला नको व्हय?"

"अगं, राखेवर पट्टी चिकटंल कशी? ठोके कळतील कसे?" चैत्रा हसून हसून बेजार. निलम्मा पार ओशाळली. राख पुसून नवी पट्टी लावली, तशी रेघ पुन्हा नाचायला लागली.

चौथ्या दिवशी चैत्रा फोन आईजवळ ठेवून कमलनगरला गेली. निलम्मा देवघरात पूजेला बसली. डाव्या तळहातावर गळ्यातून काढलेलं इष्टलिंग, डोळे मिटलेले. आणि फोन कोकलला.

तिनं दचकून डोळे उघडले. मग तिनं आपली बोटं बघितली. राखेनं पांढरी. आज गुंड्याला लावली का? लावली असंल, मेली सवय! हातावर लिंग असताना उठायचं न्हाई, हे सासूनं शिकवलेलं. तेवढ्यात फोन आपोआप गप्प झाला. बघ, राखच, असं तिनं मनाला समजावलं. पण पुढचा मंत्र काही केल्या आठवेना.

फोन परत कोकलला. आता मात्र ती लिंग मुठीत धरून तशीच धावली.

गुंड्या ओसरीवर आडवा पडला होता. डोळे उघडे, पण ओळख न्हाई. तिनं पट्टी उचलली. खाली कातडी लख्ख. राखेचा कणसुद्धा न्हाई.

"शिवा शिवा! गुंड्या, ऊठ रे माझ्या बाळा!" तिनं त्याला गदागदा हलवलं, छातीला कान लावला. काहीच न्हाई. मग धप्प. बऱ्याच वेळानं आणखी एक.

शेजारच्या पिराजीनं जीप काढली. बीदरपर्यंत तिचा हात गुंड्याच्या छातीवरच होता. एका ठोक्यानंतर दुसरा येईस्तोवर ती आकडे मोजत होती. वाटेतच डॉक्टरांचा फोन आला.

"बाई, आज दोनदा थांबलंय त्याचं काळीज. दुसऱ्यांदा तर अकरा सेकंद. पहिल्यांदा थांबलं तेव्हा जवळ कुणी नव्हतं का?"

निलम्माची मूठ अजून लिंगावर मिटलेलीच होती.

"होते की साहेब," ती म्हणाली. "मी घरातच होते."