ठकीचं लंघन

आमच्या आत्याबाईला, म्हणजे माझ्या सासूला, सगळ्या आजारांवर एकच औषध ठाऊक होतं. लंघन. ताप आला, जेवू नको. पोट दुखलं, जेवू नको. डोळे आले तरी जेवू नको! "मग सरकारनं दवाखाने कशाला उघडले?" असं मी एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाली, "तुझ्यासारख्या खादाड बायांसाठी." दगडाबाई नाव तिचं, आन् जीभबी तशीच. मी सरजाबाई, मीबी काय कमी न्हाई. दिवसातून एकदा तरी आमची जुंपायचीच.

नामांतराच्या दंगलीत गाव सोडून आमी परभणीला आलो. माझे मालक नागनाथ जनावरांच्या दवाखान्यात रखवालदार लागले. तिथल्या डॉक्टर दिनकररावांच्या घरी गिनीपिग पाळलेले होते. त्यातलं एक पिल्लू त्यांनी आमच्या सत्यशीलाला दिलं, ती शाळेत होती तवा. "हा बिनशेपटीचा उंदीर घरात नको," म्हणून आत्याबाईनं पहिल्या दिवशी आकांत केला. दुसऱ्या दिवशी तो उंदीर तिच्याच मांडीवर बसून कोथिंबीर खायला लागला. सत्यशीलानं नाव ठेवलं ठकी. भाजीची पिशवी वाजली की ठकी कुईकुई करून घर डोक्यावर घ्यायची.

मग सत्यशीलाचं लग्न झालं, ती ताडकळसला नांदायला गेली. ठकी आजीकडं राहिली. शिमग्याला लेक माहेरी आली ती गोड बातमी घेऊनच. परत निघाली तवा आत्याबाईनं तिला यष्टी स्टँडवर बाजूला घेतलं.

"हे बघ सत्या, आता हात राखून खायचं. लेकरू पोटात लय वाढलं की बाळंतपण अवघड जातं. अर्ध्या पोटानं उठत जा."

"अवो आत्याबाई, पोरगी दोन जिवाची हाय!" मी म्हटलं.

"तुला असंच सांगितलं होतं की न्हाई? झटक्यात सुटलीस का न्हाई?"

सुटले होते खरी. गाडी लागली आन् सत्यशीला मान हलवून चढली. लहानपणापासून आजीचा शब्द तिनं कधी खाली पडू दिला न्हाई.

पुढं उन्हाळा आला. वैशाखात आमच्याकडं हिरवं काय मिळतंय? बाजारात कोथिंबिरीची काडी दिसंना. ठकीला कडब्याची सुकी पानं आन् भाकरीचा चुरा, असंच चाललं होतं. एक दिवस मी पिशवी वाजवली तर घरात आवाजच न्हाई. बघते तर ठकी कोपऱ्यात अंग फुगवून बसलेली. चुरा पुढं केला, तिनं हुंगला आन् तोंड फिरवलं.

"जनावर वाळायलंय का काय?" मी म्हटलं.

"कुठं वाळायलंय? चांगलं गुबगुबीत दिसायलंय. पोट बिघडलंय नुसतं. लंघन करू दे, आपोआप भूक लागंल." आत्याबाईनं ठकीपुढची वाटी उचलली. मायेनंच उचलली, खोटं कशाला बोलू. दिवसभर तिला मांडीवर घेऊन गोंजारत होती.

दुसऱ्या दिवशी ठकीला मान उचलवंना. माझं डोकंच फिरलं. टोपलीत घातली आन् तडक दिनकररावांच्या घराकडं निघाले. आत्याबाई मागून बडबडत आली.

डॉक्टरांनी डोळ्यांनी बघायच्या आधी ठकीच्या पाठीवरून बोटं फिरवली. मग आत्याबाईचा हात धरून तिथंच ठेवला. "हाताला काय लागतंय, आजी?"

आत्याबाईनं बोटं कण्यावरून खालीवर फिरवली. मग म्हणाली, "हाडं."

"हे प्राणी आजार लपवतात. वरचे केस फसवतात, म्हणून रोज पाठीवर हात फिरवून बघायचं. हिला हिरवं मिळालं नाही, त्यानं आजारली. आणि ह्यांचं पोट रिकामं राहिलं की बंद पडतं, आजी. उपास सोसत नाही ह्यांना."

"म्हंजी मी उपाशी मारली का हिला?"

"अजून आहे ती. प्रयत्न करू."

त्यांच्या बागेतला पाला वाटून त्यांनी रस दिला. आत्याबाई घरी येऊन थेंब थेंब पाजत बसली. "घे माय, एवढा एक. एवढा एकच." रस ओठांवरून खाली ओघळायला लागला. ऊन कलायच्या आत ठकी तिच्या मांडीवरच गेली. आमी तिला दारातल्या लिंबाखाली पुरलं. आत्याबाई रडली न्हाई. "वरून कळलंच न्हाई गं, सरजे," एवढंच म्हणत राहिली. माझ्या जिभेवर लय आलं होतं, पण मी गिळलं.

पुढच्याच महिन्यात सातवा लागला म्हणून सत्यशीला बाळंतपणाला आली. भरल्या अंगाची, पदर घट्ट लपेटलेला, तोंड गोल झालेलं. "बघा कशी भरली पोरगी!" मी आनंदानं वरडले. आत्याबाईनं तिला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला. हात मधीच थांबला. वर गेला, परत खाली आला, बोटं कणा चाचपायला लागली.

"सरजे, हे अंग भरणं न्हाई गं. तोंडावर सूज हाय हिच्या." आत्याबाईचा आवाजच बदलला. "सत्या, सासू जेवू घालत न्हाई का तुला?"

माझ्या तोंडात ताडकळसच्या सात पिढ्यांसाठी शिव्या तयार होत्या.

"घालत्यात की," सत्यशीला म्हणाली. "सासूबाई तर मागं लागत्यात, खा खा म्हणून. मीच अर्ध्या पोटानं उठते. आजी, तूच सांगितलं होतंस ना?"

आत्याबाई नातीला धरूनच खाली बसली आन् तिनं हंबरडा फोडला. ठकीच्या वाटणीचंबी तवाच रडली ती. इतकी वर्षं मला तिला हरवायचं होतं. आता ती हरली होती, आन् माझ्याच काळजाचं पाणी झालं होतं. मालकांना सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईकडं पळवलं, आन् चुलीवरचं दूध उतरवून भाकरी पुढं ठेवली.

आत्याबाईनं भाकरी कुस्करली. दुधात कालवून घास सत्यशीलाच्या तोंडापाशी नेला.

"आजी, ठकी कुठाय?" सत्यशीलानं इकडंतिकडं बघत विचारलं.

"आधी खा," आत्याबाई म्हणाली. "एवढा एक घास. खा, माय."

सत्यशीला खायला लागली. आत्याबाईनं दुसरा हात तिच्या पाठीवरून काढलाच न्हाई.