कोऱ्या कॅसेटी

सातपूरच्या एका कंपनीची यंत्रांची माहितीपुस्तकं आम्ही घरी मराठीत करायचो. माझी बायको छाया इंग्रजी वाचून मराठीत बोलायची आणि ते टेप करून ठेवायची. मी छापखान्यातून आलो की कॅसेट लावून टाइप करायचो. मध्येच ती म्हणायची, "थांबा हं, दूध बघून येते." मग टेपची खरखर, भांड्याचा आवाज, आणि पुन्हा, "हां, लिहा."

ती गेली. पुढे छापखानाही बंद पडला. डिक्शनरी घेऊन मी तेच काम कसंबसं करत राहिलो. दुसरं काही नव्हतं. तिचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज मात्र त्या कॅसेटींवरच होता.

दोन हजार तीन साली कंपनीने बाहेरून काम करणाऱ्या सगळ्यांकडून गुप्ततेच्या करारावर सही मागितली. सही नाही तर काम नाही. जुन्या कामाचे कागद, फ्लॉप्या, टेप, सगळं नष्ट करावं, असं त्यात होतं. कामं वाटणाऱ्या भारत पगारेला मी कॅसेटींचं सांगितलं. यंत्राचं सगळं पुसतो, दुधाचं तेवढं राहू दे, म्हटलं. त्याने चांगल्या मनाने माझ्यासमोरच मुंबईच्या साहेबांना फोन लावला. साहेब नाही म्हणाले. सगळं पुसून कॅसेटी तपासायला आणा, म्हणाले.

भारतने फोन ठेवला. "काका, न सांगता ठेवल्या असत्या तर कोण बघायला येणार होतं?"

"करारात लिहिलंय ना."

"तो वाचून कोण सही करतं, काका? आता साहेबांना कळलंय."

मी सही केली.

कॅसेट पुसायची म्हणजे तिच्यावर दुसरं काहीतरी रेकॉर्ड करायचं. आमच्या टेपला माईक आतच आहे. बटण दाबून मी समोर बसून राहिलो. एक बाजू संपली की उलटवत होतो.

भारतने ऑफिसात त्यातली एक लावली. शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टी आली, मग माझा खोकला. पुढे काहीच नाही. तरी त्याने ती बराच वेळ चालू ठेवली.

"यात आता आमचं काही नाही," तो म्हणाला. "घेऊन जा, काका."

नवीन पुस्तकही दिलं, पॅकिंगच्या मशीनचं. सिडकोच्या बसमध्ये ते उघडलं. दुसऱ्याच ओळीला अडलो.